अजिंक्यांचा पराभव
(युरोपातील स्त्रियांच्या हँडबॉलचा एक हंगाम : २०२०–२१)

कथा-कवितांच्या अंकात एका खेळाच्या हंगामाचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. नाटकाचे परीक्षण आपण करतो, कारण त्याला लेखक असतो. त्याच्या गुणदोषांबद्दल कोणाला तरी जाब विचारता येतो. खेळाचा निकाल कोणी लिहिलेला नसतो. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला, याचा जाब कोणाला विचारणार? तरीही हंगामाला एक लेखक असतोच, असे माझे मत आहे. कोणी कोणाशी खेळायचे, किती वेळा खेळायचे, बरोबरी झाली तर काय करायचे, पैसा कोठून आणायचा, हे सारे आधी माणसेच ठरवतात. खेळाडू त्या चौकटीत खेळतात. खेळाडूंच्या कौशल्याला दाद द्यावी आणि चौकटीचे परीक्षण करावे, अशी या लेखाची भूमिका आहे.

त्यासाठी मी युरोपातील स्त्रियांच्या हँडबॉलचा २०२०–२१ चा हंगाम निवडला आहे. युरोपीय हँडबॉल महासंघाची चॅम्पियन्स लीग ही क्लबांची सर्वांत मानाची स्पर्धा. त्या वर्षी तिच्यात तीन वर्षांहून अधिक काळ न हरलेला एक संघ हरला, दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरून परतलेला एक संघ जिंकला, आणि एकेचाळीस वर्षांच्या एका बाईंनी गोलात उभे राहून तरुण पोरींची झोप उडवली. इतके नाट्य एका हंगामात क्वचितच सापडते. पण मला त्या नाट्यापेक्षा त्याच्या मागचा हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो. तो हिशेब आज, काही वर्षे उलटल्यावर, नीट मांडता येतो.

१

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही, त्यांच्यासाठी चार शब्द. चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद असे मैदान, बहुधा छपराखालचे. दोन्ही टोकांना तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच गोल. प्रत्येक बाजूला सात जणी. त्यांतील एक गोलरक्षक. चेंडू हातात मावेल एवढा. तो हातात धरून तीन पावलांहून अधिक चालायचे नाही आणि तीन सेकंदांहून अधिक काळ धरून ठेवायचे नाही. तीस-तीस मिनिटांचे दोन डाव. आपल्याकडच्या शालेय क्रीडास्पर्धांत हा खेळ आहे; तेव्हा पुष्कळ घरांतील मुलामुलींनी तो निदान पाहिलेला असेल.

या खेळाचा आत्मा एका रेषेत आहे. गोलापासून सहा मीटरांवर एक अर्धगोलाकार रेषा आखलेली असते आणि तिच्या आतल्या जमिनीवर गोलरक्षकाखेरीज कोणाचाही हक्क नसतो. आक्रमण करणाऱ्या खेळाडूने त्या जमिनीला पाय लावायचा नाही. परंतु रेषेबाहेरून उडी मारून, जमिनीवर परत येण्यापूर्वी चेंडू फेकायला तिला पूर्ण मुभा आहे. म्हणजे जमीन निषिद्ध आहे आणि हवा मोकळी आहे. हँडबॉलमधील सारे सौंदर्य या एका सवलतीतून जन्मले आहे. कोपऱ्यावरची खेळाडू अगदी अरुंद जागेतून आत झेपावते, अंग हवेत असतानाच गोलरक्षकाचा पाय कोठे हलतो ते पाहते, आणि अखेरच्या क्षणी मनगट वळवून चेंडू सोडते. कबड्डीत पट्टीचा चढाईपटू निदान रेषेकडे झेप घेताना ज्या स्थितीत असतो, तशी स्थिती येथे सामन्यात शंभर वेळा येते.

फुटबॉलमध्ये एक गोल म्हणजे सणच. येथे एका सामन्यात दोन्ही बाजू मिळून पन्नास-साठ गोल होतात. त्यामुळे एका गोलाला फार किंमत नाही. किंमत आहे ती लयीची. सहा जणी चेंडू या हातातून त्या हातात असा फिरवीत राहतात की समोरची बचावाची भिंत कोठेतरी एक वीत सरकते. आणि त्या वितेतून मधली खेळाडू, जी भिंतीला पाठ लावून धक्के खात उभी असते, ती वळून गोल करते. गोलरक्षकाने आलेल्या फेकींपैकी एक तृतीयांश अडवल्या, तरी तिची कामगिरी चांगली समजतात. दोन तृतीयांश वेळा हरूनही डोके शांत ठेवायचे, असे हे काम आहे. आमच्या शिक्षकांच्या धंद्याशी त्याचे थोडे नाते आहे, असे मला पुष्कळदा वाटते.

२

या हंगामाकडे वळण्यापूर्वी त्याच्या आधीच्या हंगामाची आठवण करून दिली पाहिजे. कारण तो पुरा झालाच नाही. २०१९–२० ची स्पर्धा महामारीमुळे अर्ध्यावर थांबली आणि पुढे रद्द झाली. रोग सर्वांनाच होता; त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्याच वर्षी पुरुषांच्या चॅम्पियन्स लीगचा अखेरचा सोहळा पुढे ढकलला गेला, आणि डिसेंबर २०२० मध्ये कोलोन येथे, रिकाम्या प्रेक्षागृहात का होईना, तो पार पडला. पुरुषांचा विजेता ठरला. स्त्रियांच्या बाबतीत त्या वर्षाच्या रकान्यात नाव नाही. अडचणीच्या काळात घरातील कोणते कार्य पुढे ढकलतात आणि कोणते रद्द करतात, यावरून त्या घरात कोणाची किंमत किती आहे ते कळते. युरोपसारख्या प्रगत म्हणवणाऱ्या खंडातही हा हिशेब आपल्याकडच्यापेक्षा फार निराळा नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

म्हणून २०२०–२१ चा हंगाम सुरू झाला तेव्हा तो पुरा व्हावा हीच पहिली इच्छा होती. स्पर्धेची रचना त्याच वर्षी बदलली होती. सोळा संघ, आठ-आठांचे दोन गट, प्रत्येकाने गटातील इतर सातांशी स्वतःच्या आणि त्यांच्या गावी असे दोनदा खेळायचे. म्हणजे चौदा सामने. रचना चांगली होती. चौदा सामन्यांत संघाचे खरे रूप दिसते. एखाद्या दिवसाच्या लहरीवर काही ठरत नाही. परंतु रोगाने ही रचना जागोजागी फाडली. कोठे अर्धा संघ आजारी, कोठे सरहद्द बंद, कोठे परतल्यावर दहा दिवस खोलीत कोंडून घेण्याची सक्ती. जो सामना खेळलाच गेला नाही, त्याचा निकाल १०–० असा कागदावर लिहिला गेला. शेवटी सारे सोळा संघ बाद फेरीत घ्यावे लागले, आणि चौदा सामन्यांच्या कसोटीचा उपयोग फक्त कोण कोणाशी खेळणार हे ठरवण्यापुरता उरला.

नॉर्वेचे निर्बंध तर फारच कडक होते. डिसेंबर २०२० ची स्त्रियांची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा डेन्मार्क आणि नॉर्वे मिळून भरवणार होते. नोव्हेंबरात नॉर्वेने यजमानपद सोडले आणि सारे सामने डेन्मार्कमध्ये झाले. गंमत अशी, की ती स्पर्धा नॉर्वेच्याच संघाने जिंकली. ज्या देशात बाहेरचा संघ खेळायला येणेही दुरापास्त होते, त्या देशातील क्लबाने त्या वर्षी युरोपचा चषक न्यावा, हे या हंगामाचे पहिले आश्चर्य.

३

आता दोन मुख्य पात्रांची ओळख करून घेऊ.

हंगेरीत, बुडापेस्ट आणि व्हिएन्ना यांच्या साधारण मध्यावर, ग्योर नावाचे शहर आहे. तेथे जर्मन मोटारींच्या एंजिनांचा मोठा कारखाना आहे. त्या कारखान्याचे नाव क्लबाच्या नावात होते, तसेच त्याच्या साडेपाच हजार प्रेक्षकांच्या प्रेक्षागृहालाही. या क्लबाने २०१३, २०१४ आणि मग २०१७, २०१८, २०१९ अशी सलग तीन वर्षे हा चषक जिंकला होता. चॅम्पियन्स लीगमध्ये पंचावन्न सामने तो हरला नव्हता. त्याचा खेळ पाहताना एखाद्या घराण्याची गायकी ऐकल्यासारखे वाटे. एक खेळाडू विश्रांतीला गेली आणि दुसरी आत आली, तरी लय मोडत नसे. जगातील उत्तमोत्तम खेळाडू तेथे होत्या, हे खरे. पण उत्तम वाद्ये एकत्र आणली म्हणजे मैफल होत नाही, हेही तितकेच खरे. त्या मैफलीच्या केंद्रस्थानी एक गावचीच म्हणावी अशी बाई होती. अनिता गोर्बित्स यांनी आपली सारी क्लब-कारकीर्द ग्योरमध्येच घालवली. २००५ साली त्या जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरल्या. मधे आई झाल्या, पुन्हा खेळायला आल्या. आणि हा हंगाम त्यांचा अखेरचा होता.

दुसरे पात्र नॉर्वेच्या दक्षिण टोकाचे. क्रिस्तियानसान हे समुद्रकाठचे, एक लाखावर वस्तीचे शहर; त्याच्या क्लबाचे नाव वायपर्स, म्हणजे विषारी साप. आपल्याकडे कोणी आपल्या मुलींच्या संघाला घोणस म्हणणार नाही. पण तेथे ते नाव कौतुकाने घेतले जाई. या क्लबाची गुंतवणूक थोर होती आणि तिजोरी रिकामी. २०२१ च्या आरंभी तो बुडण्याच्या बेतात होता. प्रेक्षक नाहीत म्हणून तिकिटे नाहीत, धंदे बसले म्हणून जाहिराती नाहीत. गावातील उद्योजकांनी आणि चाहत्यांनी हात दिला म्हणून क्लब तरला. जानेवारीत ज्यांना पगार मिळेल की नाही याची शाश्वती नव्हती, त्या मेच्या अखेरीस युरोपच्या विजेत्या झाल्या.

या दोघांच्या मधे फ्रान्सच्या पश्चिम टोकावरील ब्रेस्त. आरमाराचे बंदर, पावसाळी हवा. बाद फेरीत त्यांनी आपल्याच देशातील मेसच्या संघाला मागे टाकले होते. त्यांच्याकडे स्लोव्हेनियाच्या आना ग्रोस होत्या. डावखुऱ्या, उंच, लांबून फेकणाऱ्या. त्या हंगामात सर्वांत अधिक, १३५ गोल त्यांच्या नावावर लागले. चौथा संघ मॉस्कोच्या सेनादलाचा. नुकताच उभा राहिलेला, आणि पहिल्याच प्रवेशात अखेरच्या चौघांत पोचलेला.

४

२९ आणि ३० मे २०२१ रोजी बुडापेस्टमध्ये अखेरचे सामने झाले. येथे या स्पर्धेच्या रचनेतील सर्वांत वादग्रस्त भागाकडे आपण येतो.

२०१४ पासून या स्पर्धेचा निकाल असा लागतो : चार संघ एका शहरात जमतात, शनिवारी दोन उपांत्य सामने, रविवारी अंतिम सामना. पूर्वी प्रत्येक फेरी दोन सामन्यांची असे, अंतिमसुद्धा. आता सारे दोन दिवसांत उरकते. याचे फायदे उघड आहेत. जत्रा भरते, दूरचित्रवाणीला सोयीचे पडते; आणि स्त्रियांच्या खेळाला एकाच जागी मोठी गर्दी मिळते, हा काही लहान लाभ नाही. पुढे २०२३ साली त्याच शहरात अंतिम सामन्याला वीस हजारांहून अधिक माणसे जमली. घरोघरच्या मुलींनी तो देखावा पाहिला असेल, तर जत्रेचे सार्थक झाले म्हणावे लागेल.

परंतु आम्ही शिक्षक वर्षभराचा अभ्यास आणि तीन तासांचा पेपर यांतला फरक रोज पाहतो. वर्षभर पहिली आलेली मुलगी परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणली, तर निकालपत्रावर ताप लिहिलेला नसतो. ग्योरचे नेमके हेच झाले. शनिवारी ब्रेस्तशी त्यांची साठ मिनिटांत बरोबरी झाली. जादा दहा मिनिटांतही बरोबरीच. मग सात मीटरांवरून एकेकीने फेकायचे आणि त्यावर निकाल लावायचा, या नियमाने ब्रेस्त जिंकले. पंचावन्न सामन्यांची अजिंक्यता अशी संपली, आणि गोर्बित्स यांचा अखेरच्या चषकाचा मार्ग तेथेच बंद झाला.

येथे ब्रेस्तवर अन्याय होऊ नये. सत्तर मिनिटे ग्योरसारख्या संघाला बरोबरीत धरणे हा योगायोग नव्हे. त्यांच्या बचावाने ग्योरची ती प्रसिद्ध लय वारंवार तोडली. मधल्या खेळाडूपर्यंत चेंडू जाऊच दिला नाही. आणि आक्रमणात घाई केली नाही. ज्या संघाला हरण्याची सवय नसते, त्याला बरोबरीत राहण्याचीही सवय नसते. ग्योरच्या चेहऱ्यांवर शेवटच्या दहा मिनिटांत जो ताण दिसला, तो अपरिचित स्थितीचा होता. हा ब्रेस्तचा खरा पराक्रम. माझा आक्षेप त्यांच्या विजयाला नाही. विजय मोजण्याच्या मापाला आहे.

हे माप का चुकीचे, ते सांगतो. वर म्हटल्याप्रमाणे या खेळाचे सौंदर्य सहा जणींच्या एकत्रित हालचालीत, भिंतीत पडलेल्या वितेत, निषिद्ध जमिनीवरच्या झेपेत आहे. सात मीटरांच्या फेकीत यांतले काहीच नाही. भिंत नाही, लय नाही, झेप नाही. एक फेकणारी, एक अडवणारी. सामन्याच्या ओघात अशी फेक नेहमीच येते आणि बहुधा गोल होतो. तिला कोणी फारशी दाद देत नाही. जी गोष्ट खेळात सर्वांत कमी हँडबॉल आहे, तिच्यावर सर्वांत मोठा निकाल सोपवायचा, ही रचना मला पटत नाही. भजनाची स्पर्धा बरोबरीत सुटली म्हणून टाळ कोण जोरात वाजवतो यावर निकाल लावावा, तसे हे झाले.

यावर कोणी म्हणेल, की मग काय रात्रभर खेळत राहायचे? नाही, खेळाडूंच्या गुडघ्यांची काळजी घ्यावीच लागते. पण दोन दिवसांत सारे उरकण्याचा हट्ट सोडला, उपांत्य फेरी तरी पूर्वीसारखी दोन सामन्यांची ठेवली, तर असा प्रसंग कमी वेळा येईल. ग्योरवर तो दुसऱ्यांदा आला होता, हे विसरून चालणार नाही. २०१६ च्या अंतिम सामन्यातही बुखारेस्टच्या नगरपालिकेच्या क्लबाने त्यांना याच सात मीटरांच्या फेकींवर हरवले होते. पाच वर्षांत दोनदा एकाच दगडाला ठेच लागली, तर पाय पाहण्याबरोबर दगडही पाहिला पाहिजे.

५

दुसऱ्या उपांत्य सामन्यात वायपर्सनी मॉस्कोच्या संघाला ३३–३० असे हरवले, आणि रविवारी ब्रेस्तला ३४–२८ असे. अंतिम सामना नाट्य म्हणून उपांत्य सामन्याच्या तोडीचा नव्हता. आदल्या दिवशी सत्तर मिनिटे आणि वर तो जीवघेणा निकाल पचवून आलेला ब्रेस्तचा संघ दुसऱ्या डावात थकलेला दिसला. चोवीस तासांत दोन सामन्यांच्या रचनेचा हा दुसरा दोष : शनिवारी अधिक झुंजतो त्याला रविवारी शिक्षा मिळते. पण वायपर्सचा खेळ निर्विवादपणे मोठा होता. ओले गुस्ताव येक्स्टाड या त्यांच्या प्रशिक्षकाने संघाला फार शिस्तीत जखडले नव्हते. चेंडू मिळाला की धावायचे, समोरची भिंत उभी राहण्यापूर्वी गोल गाठायचा, हा नॉर्वेचा जुना मंत्र त्यांनी जपला होता. हेन्नी रैस्ताद तेव्हा बावीस वर्षांच्या. त्यांच्या धावेत भीतीचा लवलेश नव्हता. पुढे २०२३ साली त्या जगातील सर्वोत्तम ठरल्या, याचे ज्यांनी हा हंगाम पाहिला त्यांना नवल वाटले नसेल.

तथापि या संघाचे वैशिष्ट्य तारुण्यात नव्हते. गोलरक्षक कातरिने लुंडे यांचा जन्म मार्च १९८०चा. म्हणजे अंतिम सामन्याच्या दिवशी त्या एकेचाळीस पूर्ण केलेल्या. मधल्या जागेवर धक्के खात उभ्या असणाऱ्या हायदी लोके अडतिसाव्या वर्षात नव्हे, तर अडतीस पूर्ण केलेल्या. दोघीही मुलांच्या आया. नोरा मर्क तिशीच्या. पण त्यांच्या गुडघ्यांवर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या, की दुसरी कोणीही केव्हाच खेळ सोडून घरी बसली असती. गमतीची गोष्ट अशी, की या तिघीही पूर्वी ग्योरकडून खेळून तेथे चषक जिंकलेल्या होत्या. म्हणजे त्या घराण्याची गायकी दुसऱ्या गावात जाऊन गाजली.

लुंडे यांच्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. त्यांनी हा चषक पहिल्यांदा जिंकला २००९ साली, डेन्मार्कच्या व्हिबोर्ग क्लबाकडून. पुढच्याच वर्षी पुन्हा. मग ग्योरकडून दोनदा. आणि आता, पहिल्या विजयानंतर बारा वर्षांनी, मायदेशच्या क्लबाकडून. पुढे २०२२ व २०२३ मध्येही वायपर्सच जिंकले आणि लुंडे यांच्या चषकांची संख्या सात झाली. त्या उडी फारशी मारीत नाहीत. फेकणारीच्या खांद्याकडे पाहत उभ्या राहतात, एक बाजू मुद्दाम थोडी मोकळी ठेवतात, आणि ती तेथे फेकणार हे ठाऊक असल्यासारखा हात तेथे नेतात. शरीर मंदावल्यावर बुद्धीने ती उणीव कशी भरून काढावी, याचा तो वस्तुपाठ आहे. आपल्याकडे पस्तिशीच्या बाईला ‘आता वय झाले’ असे ज्या सहजतेने सांगितले जाते, ती सहजता त्या गोलासमोर टिकत नाही.

माझ्या मते या हंगामाची खरी थोरवी येथे आहे. चषक कोणी नेला हे दहा वर्षांनी पंचांगासारखे जुने होईल. परंतु आई झाल्यावर, गुडघा फाटल्यावर, चाळिशी उलटल्यावर स्त्रीला आपले कसब घेऊन पुन्हा उभे राहता येते, आणि तिच्यासाठी जागा राखून ठेवणारी संस्था असू शकते, हे या हंगामाने दाखवले. गोर्बित्स, लोके, लुंडे या तिघी अपवाद नव्हेत. त्या एका व्यवस्थेची फळे आहेत.

६

आणि म्हणूनच त्या व्यवस्थेच्या पायाकडे पाहताना मन धास्तावते.

युरोपातील स्त्रियांचे हे मोठे क्लब कशावर उभे आहेत? एकाच्या मागे मोटारींचा कारखाना, दुसऱ्याच्या मागे नगरपालिका, तिसऱ्याच्या मागे सेनादल, चौथ्याच्या मागे एखादा हौशी धनिक. तिकिटांवर आणि लोकांच्या वर्गणीवर पुरता चालणारा संघ विरळा. टेकू निघाला की मांडव खाली येतो. मॅसेडोनियातील व्हार्दारचा स्त्रियांचा संघ २०१७ आणि २०१८ असे लागोपाठ दोन अंतिम सामने ग्योरविरुद्ध जादा वेळेत, एकेका गोलाने हरला. दुसऱ्या पराभवानंतर त्यांच्या धनिकाने स्त्रियांच्या संघातून हात काढून घेतला आणि तो संघ विस्कटला. पुरुषांचा संघ मात्र त्याने चालू ठेवला. नॉर्वेतील लार्विक २०११ चा विजेता. काही वर्षांनी पैशांच्या ओढाताणीत त्याच्या नामवंत खेळाडू पांगल्या. मॉस्कोचा तो नवा संघ आणि रोस्तोव्हचा जुना मातब्बर संघ २०२२ च्या युद्धानंतर स्पर्धेबाहेर गेले. त्यात पैशाचा नव्हे, राजकारणाचा हात होता, पण परिणाम खेळाडूंच्या वाट्याला तोच आला.

आणि वायपर्स? २०२१ मध्ये लोकांनी वर्गणी काढून ज्याला वाचवले, ज्याने त्यानंतर सलग तीन चषक जिंकले, तो क्लब जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोर ठरला आणि हंगामाच्या मध्यावर स्पर्धेतून नाहीसा झाला. तीन वेळा युरोपचा विजेता ठरलेला संघ आपल्या कर्जापुढे हरला. २०२१ चा तो विजय आपण त्या वेळी ‘पैशावर जिद्दीची मात’ म्हणून वाचला. आज पुन्हा वाचताना दिसते, की जिद्दीने पैशाला फक्त चार वर्षे थोपवून धरले होते.

यात क्लबाच्या चालकांचा दोष नाही असे मी म्हणणार नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण क्रिस्तियानसानलाही लागू आहे; मोठ्या खेळाडू आणायच्या तर मोठे पगार आले, आणि पगार चषकांतून निघत नाहीत. पण सारा दोष त्यांच्या माथी मारणेही बरोबर नाही. ज्या स्पर्धेत विजेत्यालाही स्वतःच्या कमाईवर जगता येत नाही, त्या स्पर्धेची रचना तपासली पाहिजे. महासंघाने अखेरच्या दोन दिवसांचा थाट जेवढ्या कल्पकतेने उभा केला, तेवढी कल्पकता सोळा संघांच्या वर्षभराच्या पोटापाण्यासाठी खर्च केलेली दिसत नाही. लग्नात रोषणाई करायची आणि संसाराला तेल नाही, अशी ही अवस्था.

ग्योरचे उदाहरण याच्या उलट टोकाचे. त्या शनिवारी हरलेला संघ २०२४ आणि २०२५ मध्ये पुन्हा विजेता झाला. कारखाना जागेवर आहे, प्रेक्षागृह भरते, मुलींच्या लहान गटांपासून शिकवण चालू आहे. आणि गोर्बित्स खेळ सोडल्यावरही त्याच क्लबाच्या कारभारात राहिल्या. तेव्हा सात मीटरांच्या फेकीवर हरलेल्यांचे फार काही गेले नाही, आणि चषक नेणाऱ्यांचे सारेच गेले. हंगामाच्या निकालपत्रावर अजिंक्यांचा पराभव लिहिला गेला. काळाने त्याखाली वेगळाच शेरा मारला.

७

हे सारे वाचून आपल्या वाचकांनी काय घ्यावे? आपल्याकडे स्त्रियांच्या हँडबॉलचा असा वर्षभराचा हंगाम नाही. मुली मात्र आहेत. मार्च २०२२ मध्ये भारताच्या कनिष्ठ मुलींनी कझाकस्तानातील अल्माटी येथे आशियाई कनिष्ठ अजिंक्यपद जिंकले. त्या बातमीला आपल्या वृत्तपत्रांत किती जागा मिळाली, ते वाचकांनी आठवून पाहावे. शाळेतील मुलगी चांगली खेळते. दहावी येते, मैदान सुटते. लग्न होते, विषयच संपतो. एकोणीसाव्या वर्षी कौशल्याच्या शिखराकडे निघालेली मुलगी एकविसाव्या वर्षी ‘पूर्वी खेळायची’ होऊन जाते. लुंडे यांच्या एकेचाळीस वर्षांशी हे एकवीस ताडून पाहिले, म्हणजे संस्था असणे आणि नसणे यांतले अंतर कळते.

म्हणून या हंगामावर माझा अभिप्राय असा. खेळ म्हणून तो थोर. विशेषतः ब्रेस्त आणि ग्योर यांची ती सत्तर मिनिटे, आणि लुंडे यांचा गोल. रचना म्हणून सदोष. दोन दिवसांची घाई आणि सात मीटरांचा निकाल या दोन्ही गोष्टी बदलण्याजोग्या आहेत. आणि व्यवस्था म्हणून चिंताजनक. कारण तिने स्त्रियांना चाळिशीपर्यंत खेळण्याची जागा दिली, पण त्या जागेचे भाडे कोण भरणार हे ठरवले नाही.

आपल्या गावात, तालुक्यात उद्या मुलींचा एखादा क्लब निघाला, तर त्याचा पहिला चषक कोणत्या कपाटात ठेवावा याची चर्चा थोडी मागाहून करावी. दरमहा किती घरे किती वर्गणी देतील, मैदानाचा दिवा कोण लावील, आणि लग्न होऊन गेलेली मुलगी बाळाला कडेवर घेऊन परत आली तर ते बाळ तासभर कोण सांभाळील, याची यादी आधी करावी. क्रिस्तियानसानच्या बायकांनी तीन चषक जिंकून जे कमावले आणि गमावले, त्याचा अर्थ माझ्या समजुतीप्रमाणे एवढाच आहे.